उन्हाळी वर्गाचा कौल

माझे वडील देवीचे पुजारी होते, आणि देवी त्यांच्या ऐकण्यातली होती. हे मी चिडून लिहितेय असं कुणाला वाटेल. वाटू दे. चिडूनच लिहितेय. बाराव्या वर्षी आलेला तो राग अजून उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

सोलापुरात विणकरांच्या वस्तीला लागून आमचं देऊळ होतं. देऊळ म्हणजे काय, एक गाभारा, पुढं चार खांबांचा मंडप आणि मागं आमच्या दोन खोल्या. वडलांना आम्ही अण्णा म्हणायचो. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की अण्णांची आंघोळ आणि मग पूजा. माझ्याकडं तीन कामं होती. फुलं तोडायची, सहाणेवर गंध उगाळायचं, आणि पूजेत उतरलेलं निर्माल्य अण्णा उंबऱ्याशी टोपलीत टाकायचे ते नेऊन झाडाखाली रिकामं करायचं. गाभाऱ्यात मला जायला बंदी. मी उगाळलेलं गंध देवीला चालायचं, मी चालायची नाही.

आमची देवी कौल द्यायची. वस्तीतली माणसं काही अडलं की नारळ घेऊन यायची. अण्णा कण्हेरीची दोन पांढरी फुलं घ्यायचे, दोन्हींच्या देठाला गंध लावायचे आणि देवीच्या दोन खांद्यांवर एकेक चिकटवायचे. मग प्रश्न सांगायचा आणि हात जोडून बसायचं. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. कधी घटकेत पडायचं, कधी अर्धी सकाळ जायची. माणसं डोळे न मिटता बघत बसायची आणि पडलेलं फूल पदरात बांधून न्यायची. दुसरं फूल मागाहून माझ्या टोपलीत यायचं.

एकदा शेजारची विणकरीण आली. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी. तिला आपल्या पोराला उन्हाळ्यात तालमीत घालायचं होतं, नवऱ्याला पोरगं मागावर बसायला हवं होतं. "विचार की अण्णा देवीला," म्हणाली आणि रडायलाच लागली. अण्णांनी फुलं लावली. उजवं पटकन पडलं. बाई हसत गेली. जाताना घाईत फूल न्यायचंच विसरली, म्हणून दोन्ही फुलं माझ्या टोपलीत आली. मी सहज पाहिलं. उजव्याच्या देठाला गंधाचा नुसता ठिपका होता. डाव्याला चांगलं बोटभर थापलेलं, वाळून घट्ट झालेलं.

मला त्यात वाईट वाटलं नाही. बाईला हवं होतं ते मिळालं, पोरगं तालमीत गेलं, देवीचं काय गेलं? अण्णा दयाळू आहेत असंच मला वाटलं. दुसऱ्यांच्या बाबतीत ते होतेही. परक्या माणसाला ते त्याच्या मनातला कौल द्यायचे. घरच्या माणसाला स्वतःच्या मनातला द्यायचे. हा फरक मला कळायला त्या वर्षीची सुट्टी उजाडावी लागली.

माझी मुलींच्या शाळेत मराठी सहावी झाली होती. पुढं काय, तर काही नाही. आमच्या शाळेत एक बाई होत्या, पुण्याहून शिकून आलेल्या. पायात चपला घालायच्या, आणि त्या चपलांवरून अख्खी पेठ बोलायची. त्यांनी सुट्टीच्या आदल्या दिवशी आम्हा पाच मुलींना थांबवून घेतलं. उन्हाळाभर सकाळी सात ते दहा त्या इंग्रजीचा वर्ग घेणार होत्या, अगदी एबीसीपासून. जूनमध्ये इंग्रजी शाळेची परीक्षा द्यायची. उतरलं तर थेट इंग्रजी तिसरीत. नाहीतर पहिलीत, मराठी चौथी करून आलेल्या दहा वर्षांच्या पोरींच्या बाकावर, आणि बारा वर्षांच्या घोडीला पहिलीत बसवायला कोण धाडतंय? म्हणजे हा वर्ग झाला तर शाळा, नाही झाला तर चूल. फी काही नव्हती. फक्त वडलांच्या हातची चिठ्ठी हवी होती, सोमवारी सकाळी, वर्ग सुरू व्हायच्या आत.

मी घरी पळतच आले. अण्णा पान लावत बसले होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी पान तोंडात घातलं, चुना बोटावरून पुसला आणि म्हणाले, "सुट्टी आहे नव्हं? मग होटगीला जा की आक्काकडं."

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. बाराव्या वर्षीच तिचं लग्न झालं, होटगीच्या एका बिजवराशी. रेल्वेत नोकरीला होते ते. पहिली बायको गेली होती आणि घरात बाईमाणूस नव्हतं. लग्नाआधी अण्णांनी देवीला विचारलं होतं. देवीनं उजवं दिलं होतं. मी तेव्हा सहा वर्षांची होते, आणि पंक्तीत जिलबी होती एवढंच मला आठवतं. आता आक्का अठराची होती, दोन मुलं होती आणि तिसऱ्याचा सातवा महिना चालू होता.

"तिला हाताखाली कुणी तरी पायजे," अण्णा म्हणाले. "तिथं बाळ-बाळंतीण बघायला शिकशील. तोही वर्गच की! बिनपुस्तकाचा." आणि स्वतःच्या विनोदावर हसले. मला त्या हसण्याची अजून शिसारी येते.

मग दोन दिवस आमच्या देवळात माझ्या सुट्टीचा खल चालला. जो येईल तो सल्ला देऊन जायचा. एक म्हणे, वकिलीणबाई शिवणाचा वर्ग घेतात तिथं घाला, हातात कला राहील. दुसरा म्हणे, स्तोत्रं पाठ करवून घ्या, पुजाऱ्याची पोर आहे. तिसरे एक पेन्शनर होते, त्यांनी तर सांगितलं की इंग्रजीनं मुलींचे डोळे जातात. डोंबल जातात! त्यांच्या मुलाचे गेले नव्हते, तो कचेरीत साहेबाच्या हाताखाली इंग्रजीच खरडत होता. मी मंडपात झाडत होते, सगळं ऐकत होते. एवढी माणसं माझ्या दोन महिन्यांवर बोलून गेली, पण खराटा हातात असलेल्या मला एकानं विचारलं नाही की बाई गं, तुला काय करायचंय?

खरं कारण शुक्रवारी कळलं. अण्णा आईला सांगत होते. भावजींचा चुलतभाऊ तिथंच स्टेशनात कामाला लागला होता. मुलगी दोन महिने घरात वावरेल, कामाधामाची आहे हे त्यांच्या नजरेस पडेल. "कायद्यानं चौदाच्या आत करता येत नाही, पण बोलून ठेवायला कोण अडवतंय?"

आई भाकरी थापत होती. ती थापतच राहिली. मला तिचाही राग आला. आमची आई घरात असायची ती जात्याचा आवाज असतो तशी. चालू असला तर लक्षात येत नाही.

मी पुढं झाले आणि म्हटलं, "अण्णा, मला वर्गाला जायचंय."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मायेनं म्हणाले, "अगं, मी कोण ठरवणार? तू कोण ठरवणार? उद्या देवीला विचारू. ती सांगेल तसं."

"देवीला कशाला? तुम्हीच सांगा की!"

"आपल्या हातात काय आहे, बाळ?"

काय आहे? गंध आहे, फुलं आहेत! आपला हात जगन्नाथ! हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण बोलले नाही, आणि त्याबद्दल मला स्वतःचाच राग येतो. कारण मनात एक वेडी आशा होती. वाटलं, विणकरणीच्या पोराला दिलं, मग मला का नाही देणार? मी तर त्यांची सख्खी लेक.

शनिवारी पहाटे मी गंध उगाळायला बसले. मी एक शहाणपणा केला. एरवीपेक्षा कितीतरी दाट उगाळलं. मनगटं भरून आली, तरी उगाळत राहिले. माझं बारा वर्षांचं गणित असं, की इतकं दाट गंध असलं तर थोडं लागलं काय नि जास्त लागलं काय, दोन्ही फुलं सारखीच धरतील, आणि मग देवी खरोखरच ठरवेल. केवढी मी हुशार! जिथं भरपूर थापलं तिथं ते दगडासारखं धरणार होतं, आणि ते थापायचं कुठं हे अण्णांच्या बोटात होतं. माझ्याच मनगटानं मी त्यांचं काम पक्कं करून दिलं.

मंडपात विणकरीण बसली होती, आणखी दोघंतिघं होते. अण्णांनी मोठ्यानं विचारलं, "पोरीला वर्गाला घालायची का, आई? घालायची तर उजवं दे. होटगीला धाडायची तर डावं." उन्हाळा तापला होता, गाभाऱ्यातसुद्धा घाम फुटत होता. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून उजव्या फुलाकडं बघत होते. ते हललं नाही. डावं मात्र अण्णा आरती खाली ठेवतायत तेवढ्यात गळून पडलं.

"देवीची इच्छा," अण्णा म्हणाले.

विणकरणीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "चांगलंच असतंय ते, अम्मा," म्हणाली. तिचा खरोखर विश्वास होता. मला तिचा हात झटकून टाकावासा वाटला.

मी टोपलीची वाट बघत बसले. अण्णांना वाटलं असेल की पोरीनं निमूट ऐकलं. निर्माल्य आलं तसं मी त्यात हात घालून दोन्ही फुलं काढली. डाव्याला ठिपका. उजव्याला लिंबोळीएवढा गोळा, खाली देवीच्या खांद्याची काजळीसुद्धा ओढून आणलेली. म्हणजे ते फूल अण्णांनी नखानं खरवडून काढलं असणार.

अण्णा जेवायला बसले होते. मी ती फुलं त्यांच्या ताटासमोर जमिनीवर ठेवली.

"हे काय?"

"देठ बघा," मी म्हटलं. "तुम्ही एकाला जास्त लावलंत."

त्यांचा चेहरा उतरला. पण चोराच्या उलट्या बोंबा! "ताटासमोर निर्माल्य आणून ठेवतेस? देवीची परीक्षा घेतेस?"

"देवीची नाही. तुमची."

त्यांनी उष्ट्या हातानंच मारली. गालाला आमटी लागली. आणि ताटावरून उठून गेले. आमच्याकडं पुरुषमाणूस ताटावरून उठलं की सगळा दोष घरातल्या बायकांचा. मी रडले नाही. गाल पुसला आणि आता आईसुद्धा मारेल म्हणून उभी राहिले. आई चुलीपासून उठली, खाली वाकली, दोन्ही फुलं उचलून देठ वर करून पाहिली. बराच वेळ पाहिली. मग राखेत टाकली आणि म्हणाली, "ताट उचल."

एवढंच. मला वाटलं, झालं, संपलं. रात्रभर मनातल्या मनात दोघांना शिव्या दिल्या.

रविवारी दुपारी अण्णा जेवायला आले. पाट मांडलेला होता, पण ताट वाढलेलं नव्हतं. भिंतीशी आईनं पाटा ठेवला होता आणि त्यावर वरवंटा उभा केला होता. वरवंट्याला हळदकुंकू लावलं होतं. शेजारी कण्हेरीची दोन फुलं होती, आईनं स्वतः तोडून आणलेली. मागच्या दाराशी विणकरीण तांब्या घेऊन ताकासाठी उभी होती. आईनं तिला दाराच्या आत उभी राहा म्हणून सांगितलं होतं.

"हे काय मांडलंय?" अण्णा म्हणाले.

"मला कौल लावायचाय."

"मग देवळात ये की. मी लावतो."

"देवळातली तुमच्याशी बोलते," आई म्हणाली. "माझी हितं आहे."

"वरवंट्याला कौल लावतात होय?"

"बारशाला यालाच कुंची घालून पाळण्याखालून फिरवतो नव्हं? तेव्हा देव, आणि आज दगड?"

अण्णा उभेच राहिले. आईनं परातीतल्या भिजवलेल्या पिठाचा एक गोळा घेतला, चांगला सुपारीएवढा, डाव्या फुलाला लावला आणि ते फूल वरवंट्याच्या डाव्या अंगाला अंगठ्यानं दाबून बसवलं. दुसरं फूल तिनं तसंच उचललं. कोरडं. त्याला पीठ नाही, गंध नाही, साधं पाणी नाही. ते उजव्या अंगाला बोटानं धरून ठेवलं, आणि मोठ्यानं, मागच्या दारापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "आई, पोरीला बाईंच्या वर्गाला पाठवू का? पाठवायची तर उजवं दे."

आणि बोट काढलं. फूल बोटाबरोबरच खाली आलं.

"दिलं," आई म्हणाली.

"अगं, उजवीकडं तू काही लावलंच कुठं..." अण्णा बोलले आणि मधेच थांबले. तोंड तसंच उघडं राहिलं.

"काय लावलं नाही?" आईनं विचारलं. त्यांच्याकडं सरळ बघत. माझ्या जन्मात मी तिला त्यांच्याकडं असं बघताना पाहिलं नव्हतं. "सांगा की. काय लावायचं असतं? किती लावायचं असतं? हिच्यासमोर सांगा, म्हणजे वस्तीलाही कळू दे."

अण्णांनी विणकरणीकडं पाहिलं. ती हात जोडून उभी होती, डोळे वरवंट्यावर. तिच्या पोराचा कौल, तिच्या वस्तीतल्या शंभर घरांचे कौल, सगळे त्या एका प्रश्नावर उभे होते. अण्णा काय बोलणार, कपाळ? आईला लबाड म्हणावं तर लबाडी कशी करतात हे आपल्याला माहीत आहे असं कबूल करावं लागतं.

"उजवंच दिलं, अम्मा," विणकरीण म्हणाली. "काल रागात होती देवी. आज दिलं." संध्याकाळपर्यंत ही गोष्ट वस्तीभर झाली.

अण्णांनी चिठ्ठी लिहिली. एक ओळ. कागद माझ्या हातात दिला नाही, उंबऱ्यावर ठेवला. मग आईनं त्यांना वाढलं, आणि ते मुकाट्यानं जेवले.

सोमवारी पहाटे मी उठले तर आई गाठोडं बांधत होती. "होटगीला मी जाते," म्हणाली. "आक्काचं बाळंतपण होऊन ती उठती-बसती होईस्तोवर. तिला कुणी तरी लागणारच की. अण्णांचा स्वयंपाक तू बघ. भाकरी थापून मग जा वर्गाला, दहाला येशील तेव्हा आमटी टाक."

बघा म्हणजे. कौल जिंकला, तरी भाकरी आम्हीच थापायच्या! होटगीला बाईच जायची, इथंही चुलीपुढं बाईच बसायची, आणि अण्णांच्या ताटात ठरल्या वेळी जेवण पडायचं. मला इतका संताप आला की मी पिठाचा डबा आपटला. आईनं गाठोड्याची गाठ आवळली.

तिला पोचवायला मी देवळाच्या पायरीपर्यंत गेले. चिठ्ठी माझ्या मुठीत होती. गाठोडं काखेला मारून ती एक पायरी उतरली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, आक्काच्या वेळी का नाही लावलास असा कौल?"

मला वाटलं, ती म्हणेल, तेव्हा मला कुठं ठाऊक होतं गं. तिनं तसं म्हणावं अशी माझी फार इच्छा होती. मी लगेच खरं मानलं असतं, आणि आयुष्यभर तिच्या पाया पडले असते.

ती थांबली. मागं वळली नाही.

"तेव्हा गंध मीच उगाळत होते," ती म्हणाली. "निर्माल्यही मीच काढत होते."

म्हणजे तिनं ती फुलंही पाहिली होती. आक्काची. देठ वर करून पाहिली असणार, परवाच्यासारखीच, आणि राखेत टाकली असणार. आणि मग पंक्तीला जिलबी वाढली असणार.

तिचं गाठोडं कोपऱ्यापर्यंत घ्यायला हवं होतं, ते घेतलं नाही. "मला वर्गाला उशीर होतोय," एवढं म्हटलं आणि तिच्या आधी पायऱ्या उतरून चालायला लागले. चालले कसली, पळाले.

बाई शाळेच्या दारात उभ्या होत्या. मी मूठ उघडली. चिठ्ठीचा असा बोळा झाला होता की त्यांना ती भिंतीला लावून हातानं सरळ करावी लागली, तेव्हा कुठं अण्णांची ती एक ओळ वाचता आली.